रहाडीसाठी राखून ठेवलेले गुडघे

माझ्या दवाखान्याच्या दारावर 'फिजिओथेरपी' अशी ठसठशीत पाटी होती आणि त्या पाटीच्या बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, माझे घरमालक खुर्ची टाकून बसलेले असायचे. खालून व्यायाम शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ते वरून हटकायचे.

"काय सांगितलं डॉक्टरनी? खुर्चीतून उठायचं-बसायचं? बाई, माझं ऐका. गुडघा म्हणजे बेअरिंग. फिरवाल तेवढं झिजणार. उरलंय ते पुरवून वापरा."

आता मला सांगा, खाली मी घसा कोरडा करून शिकवतेय की हलाल तर बरे व्हाल, आणि वर माझाच घरमालक माझ्याच पेशंटला घरी जाऊन पडून राहायला सांगतोय. सुरुवातीला माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी मूळची घोटीची, आमच्याकडे मनात आलं की बोलून मोकळं व्हायची पद्धत. एकदा फाटकात उभी राहून मी वर बघून विचारलंच, "काका, तुम्ही भाडेकरू ठेवलाय की दुष्मन?"

"डॉक्टर, तुमच्या हुशारीबद्दल शंका नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही माणसं शिकलात, मी मशिनं." आणि दोरीला बांधलेली टोपली सरसर खाली सोडली. टोपलीत द्राक्षांचा घड होता. भांडणात मधेच द्राक्षं आली की माणसाने करायचं काय? मी घड उचलला आणि आत गेले.

ही टोपली म्हणजे काकांचे पाय. दूध, पेपर, कोथिंबीर, विसरलेली किल्ली, सगळं तिच्यातून वर जायचं आणि खाली यायचं. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी स्वतः कप्पी बसवली होती आणि त्या कप्पीचा एवढासाही आवाज यायचा नाही. पंचवटीतल्या त्या घरात कशाचाच आवाज यायचा नाही. बिजागऱ्या, खिडक्यांचे खटके, काकूंचं शिवणयंत्र, सगळ्याला वेळच्या वेळी तेल. माझ्या दवाखान्यातली व्यायामाची सायकल कुरकुरायला लागली तेव्हा कुणी न बोलावता ते जिना उतरून आले, सायकलला कान लावून बसले, कुठलासा नट पाव फेरा आवळला आणि निघाले.

"सायकलसाठी जिना उतरलात," मी म्हटलं, "आता स्वतःच्या गुडघ्यांसाठी दहा मिनिटं बसा की."

"सायकलचे पार्ट बाजारात मिळतात," काका म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी वर गेले.

त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली. तिथून त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून आणली होती. विमानाच्या भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं. तेवढे तास उडालं की भाग काढायचा आणि नवा बसवायचा, मग तो कितीही चकचकीत दिसत असो. पन्नाशीत त्यांचे गुडघे दुखायला लागले. कुणा डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि 'झीज आहे' एवढंच सांगून त्यांना घरी पाठवलं. झालं. काकांनी मनात हिशेब मांडला की गुडघ्यांचे थोडे तास उरलेत आणि नवीन भाग तर काही त्यांना बसवून घ्यायचे नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी गुडघे जपायला सुरुवात केली. या 'झीज' शब्दाने माझ्या पेशंटांना जेवढं घरात बसवलंय तेवढं कुठल्या दुखण्याने बसवलं नसेल. कुणी तो उच्चारला की मला अजून राग येतो.

जपणं म्हणजे किती? समोरच्या दुकानात जायचं तर रिक्षा. लग्नाला गेले की आधी खुर्ची शोधायची, मग नवरा-नवरी. बँकेत रांग दिसली की काका भिंतीला टेकून बसणार आणि रांगेतल्या पुढच्या-मागच्या माणसांना आपली जागा राखायला सांगणार. फिरायला गेले नाहीत, देवळाच्या पायऱ्या चढले नाहीत, गच्ची तर कशी दिसते हेही विसरले असतील.

आणि काकांचे गुडघे वाचायचे ते कुणाच्या जिवावर? काकूंच्या. टोपली वरून काका सोडायचे, पण ती भरायला खाली कोण उभं? काकू. गच्चीवर वाळवण काकूंचं, पाण्याची मोटर काकूंची, बाजार काकूंचा. पदर खोचून दिवसभर वर-खाली. कधी वाटेत माझ्या दारात टेकायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "बसते हं पोरी दोन मिनिटं, साहेबांचा चहा व्हायचाय."

आधी मला वाटायचं, माणूस निव्वळ आळशी आहे. एकदा माझ्या तोंडून तसं निघूनही गेलं. काकू हसल्या. "आळशी नाहीत गं. हे सगळं रहाडीसाठी चाललंय."

नाशकाबाहेरच्या माणसाला रहाड सांगावी लागते, म्हणून सांगते. जुन्या गावातल्या काही गल्ल्यांत रस्त्याखाली मोठे दगडी हौद आहेत, पेशव्यांच्या काळापासूनचे म्हणतात. एरवी त्यांवर लाकडाचे ओंडके आणि माती घालून ते बुजवलेले असतात, वरून रिक्षासुद्धा जातात. रंगपंचमीला ते उघडतात, पाणी भरतात, फुलांचा रंग कढईत उकळून त्यात ओततात, पूजा करतात आणि मग माणसं काठावरून धाडकन आत उड्या टाकतात. त्या उडीला धप्पा म्हणायचं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. काका ज्या गल्लीत वाढले तिथली पिवळी. सगळ्या रहाडी दरवर्षी उघडतात असं नाही आणि काकांच्या गल्लीची तर बरीच वर्षं बंदच होती.

"एकदा उघडू दे, म्हणतात, शेवटचा धप्पा मारीन," काकू सांगत होत्या. "तोवर गुडघे राखून ठेवायचे. उरलेले सगळे तास त्या दिवशी खर्च करायचे आहेत त्यांना."

"आणि तुम्ही? तुम्ही मारलाय कधी धप्पा?"

"मी काठावर. लग्न झालं त्या वर्षापासून. ह्यांच्या चपला, चष्मा, घड्याळ, टॉवेल. त्या गर्दीत चपला गेल्या की गेल्याच."

"पण तुम्हाला वाटलं नाही कधी, आपणही मारावी उडी?"

"वाटायला काय," काकू म्हणाल्या. "मग चपला कोण धरणार?" आणि पेला पालथा घालून वर गेल्या.

काकांचा एक्स-रे गॅलरीच्या खिडकीच्या काचेला चिकटवलेला असायचा. इतर लोकांच्या खिडकीत मनीप्लँट असतो. उन्हं आली की तो उजळायचा आणि काका आल्यागेल्याला बोटाने दाखवायचे, "इकडे दोन हाडांत फट आहे बघा. इथे फट राहिलेली नाही." एकदा काय डोक्यात आलं, त्यांनी काकूंचाही एक्स-रे काढून आणला. इतकी वर्षं वर-खाली करून हिच्या बेअरिंगचा भुगा झाला असणार, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. दोन्ही फिल्मा आणि काकूंना घेऊन ते माझ्याकडे उतरले. मी बघितल्या. काकूंचे गुडघे खरोखरच त्यांच्यापेक्षा वाईट दिसत होते.

"काय म्हणत होतो?" काका खुलले. "वापराचा परिणाम."

तेवढ्यात वरून दूध उतू गेल्याचा वास आला. काकू उठल्या, ताडताड जिना चढल्या, गॅस बंद केला, मोटर चालू केली आणि परत खाली येऊन आमच्याशेजारी बसल्या. दमही लागला नव्हता.

"काका," मी म्हटलं, "ज्यांचं बेअरिंग जास्त गेलंय त्या जिना पळत चढतात आणि ज्यांचं कमी गेलंय ते टोपली सोडतात. हे कसं काय?"

काकांनी दोन्ही फिल्मा परत एकदा उजेडात धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाले, "नावं अदलाबदल झाली असतील." माणूस हरायला तयारच नव्हता.

त्या दिवाळीत बातमी आली की येत्या रंगपंचमीला पिवळी रहाड उघडणार. काकांचा गल्लीतला बालमित्र स्वतः सांगायला आला. काका इतके खूश झाले की त्यांनी माझ्या पेशंटांनाही गॅलरीतून टोपलीभर चिवड्याच्या पुड्या सोडल्या.

आणि मग तुळशीचं लग्न आलं. वृंदावन अंगणात, माझ्या दवाखान्याच्या दारासमोर. मुलीकडचे म्हणून काका-काकू पाटावर बसणार, हा त्या घरातला जुना रिवाज. काकांनी खुर्ची मागितली, पण भटजी म्हणाले, कन्यादान खुर्चीत बसून कसं करणार? काका कसेबसे पाटावर बसले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लोक ऊस आणि बोरं वाटायला लागले, काकू उठून गेल्या, तरी काका पाटावरच. आम्हाला वाटलं, जप चाललाय. जरा वेळाने त्यांनी अगदी हळू हाक मारली, "डॉक्टर, जरा इकडे येता का?" त्यांना उठताच येत नव्हतं. एका बाजूने मी, एका बाजूने काकू आणि मागून भटजी, असं आम्ही त्यांना उभं केलं.

बालमित्र उसाचं कांडकं चोखत बघत होता. "अरे, पाटावरून उठता येईना तुला," तो म्हणाला, "रहाडीत उतरलास तर क्रेन मागवावी लागेल." सगळे हसले. काकाही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली खाली आली नाही. टोपलीऐवजी काका आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"डॉक्टर, उडी मारेन मी. पडायला काय लागतं? पण मला बाहेर येता येईल का?"

त्यांचा चेहरा बघून मला चेष्टा सुचली नाही. मी त्यांच्या मांड्या तपासल्या. अगदी मऊ पडल्या होत्या. जोर लावा म्हटलं तर पाय थरथरायचा.

"काका, गुडघा होता तसाच आहे," मी म्हटलं. "गेल्यात त्या मांड्या. वापरल्या नाहीत म्हणून गेल्यात. सगळं वजन मग गुडघ्यावर येतं, मग तो जास्त दुखतो, मग तुम्ही आणखी बसता."

"झिजलेला पार्ट वापरून बरा होतो, हे मी कधी ऐकलं नाही."

एक गोष्ट ते गॅलरीतून मला नेहमी ऐकवायचे. आज ती माझ्या कामाची होती. मी साळसूदपणे विचारलं, "काका, कारखान्यात एखादं विमान महिनोन्महिने नुसतंच उभं राहिलं तर काय करायचात?"

लगेच गडी खुलला. "उभं विमान? अहो, उडणारं परवडलं, उभं नको. सील सुकतात, टायर एका अंगाला बसतात, तेल सगळं खाली उतरतं. म्हणून मधून मधून इंजिन चालवायचं, चाकं फिरवून ठेवायची. नुसतं झाकून ठेवलं आणि विसरलं, तर मग ते..." त्यांनी खाली आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

मग मी सांगितलं की गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांवरच्या मऊ गादीला, रक्त पोचत नाही, पाय दाबला-सोडला की आजूबाजूच्या वंगणातून तिला खायला मिळतं. बसून राहिलं की ती उपाशी.

"म्हणजे इतकी वर्षं मी विमान हँगरमध्ये ठेवलं," काका म्हणाले.

"आणि वर टोपली लावली."

ते हसले नाहीत. "कधी सुरू करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून काका व्यायामाला कारखान्याचा निळा डगला घालून उतरायला लागले. मी कपाळाला हात लावला, पण त्यांचं म्हणणं, कामाला कामाचे कपडे. व्यायाम साधेच होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. पायाला मिठाची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुढे खुर्ची आणखी बुटकी करायची. पहिल्या पायरीवर चढ-उतर. रोज थोडं चालणं. दुखेल, पण सकाळपर्यंत निवलं पाहिजे, नाही निवलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, हा माझा एकच नियम.

काकांनी त्यात स्वतःचा एक घातला. कारखान्यात एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय विमान हलत नसे. म्हणून काकू इन्स्पेक्टर. काकांची उठ-बस चालायची आणि काकू समोर चहाचा कप घेऊन बसलेल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी बसल्या असतील. "नाही झालं," त्या बिस्किट बुडवत म्हणायच्या. "हात टेकलात. परत." मला वाटतं, इतक्या वर्षांच्या वर-खालीचा सगळा वचपा त्यांनी त्या हिवाळ्यात काढला.

संक्रांतीच्या सुमाराला काकांना जरा जोर आला आणि माणूस हवेत गेला. मला न विचारता पंचवटीतून चालत निघाले, पूल ओलांडून जुन्या गावात गल्लीत गेले, बालमित्राला पाय दाखवून आले, तेही परत चालतच. दुसऱ्या दिवशी गुडघा टरारून सुजलेला. टोपली परत खाली आली. तिच्यात त्यांचा निळा डगला होता, घडी घालून.

मी तो घेऊन तरातरा वर गेले. काका एक्स-रेखाली बसले होते. "बघा डॉक्टर, झिजलं उरलेलं," ते म्हणाले. "संपले माझे तास. रहाड आता तुम्हीच बघून या."

"तास-बिस काही संपले नाहीत," मी म्हटलं. "महिनोन्महिने उभं असलेलं विमान बाहेर काढून पहिल्याच दिवशी दिल्लीला कोण नेतं?"

उत्तर आलं ते काकूंकडून. "अहो, बर्फ लावा आणि उद्या खाली या. मी काय बसून चहा नुसता पिऊ?"

आठवड्याभरात सूज उतरली. आम्ही चार पावलं मागे येऊन पुन्हा सुरुवात केली आणि काका त्यानंतर शहाण्यासारखे वागले. शेवटी शेवटी मी त्यांना दवाखान्याच्या उंच ओट्यावर चढायला लावायची, हातांनी रेटून, एक पाय वर, मग दुसरा, कारण रहाडीतून असंच बाहेर यावं लागतं. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. ते जात नाही आणि एक्स-रेही तसाच होता. पण माणूस बदलला होता.

मी ती जागा सोडून आता काही वर्षं झाली, दवाखाना कॉलेज रोडला नेला. तिथे आता दुसरं कुणी भाडेकरू आहे. तरी मधे त्या बाजूने गेले तर काका गॅलरीतून एका अनोळखी आजोबांना विचारत होते, "खुर्चीतून उठ-बस चालू आहे ना? घरी इन्स्पेक्टर कोण आहे?"

तर ती रंगपंचमी. दुपारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कढईतून रंगाची वाफ निघत होती, रहाडीचं पाणी पिवळंधमक. काका जुनी बनियन आणि अर्धी चड्डी घालून काठावर उभे. काकू त्यांच्या मागे, नेहमीसारख्या, चपला-चष्मा-टॉवेल घेऊन. बालमित्र पलीकडे. काठ ओला होता. उगाच हो म्हटलं यांना, असं मनात येतंय तोवर काकांनी धप्पा मारला. पाणी आमच्या अंगावर आलं.

ते वर आले, तोंड पुसलं आणि काठाशी पोचले. बालमित्राने हात पुढे केला. काकांनी मानेनेच नको म्हटलं. दोन्ही तळवे काठावर, रेटा, एक पाय वर. मग ते तिथेच थांबले. मला तुळशीच्या लग्नातला पाट आठवला. मी पुढे होणार, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, अगदी दवाखान्यातला, "हं, दुसरा."

दुसरा पाय आला. काका उभे राहिले, पिवळे, थोडे थरथरत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बालमित्राने मिठी मारली आणि तोही पिवळा झाला. मी रडले, उगाच कशाला खोटं सांगू.

मला वाटलं, झालं, आता घरी. पण काका काकूंसमोर जाऊन उभे राहिले. हातातला टॉवेल घेतला, चष्मा घेतला, स्वतःच्या चपला घेतल्या आणि मग म्हणाले, "आता तुझ्या काढ."

"काय?"

"चपला काढ. मी धरतो."

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत, फोटोत आलंय."

"नावं अदलाबदल झाली होती," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मी म्हटलं, जा. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या वर घेतल्या, चपला काढून काकांच्या हातात दिल्या आणि दुसऱ्या क्षणी काठावर काकू नव्हत्या. वर आल्या त्या हसतच आणि बाहेर यायचं नाव काढीनात. पाण्यातल्या बायकांवर रंग उडव, कुणाला बुडव, बराच वेळ चाललं होतं.

शेजारच्या घराचा ओटा रिकामा झाला तशी मी काकांना म्हटलं, "बसा आता जरा. पाय दमले असतील."

काका हलले नाहीत. दोन्ही जोड चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या. "ती येऊ दे वर," ते म्हणाले आणि उभेच राहिले.